टिकाऊ बाईंचं घर

आमचे हे पडले त्या दिवशी मी पहिलं वाक्य काय बोलले, ते आधी सांगून टाकते. ते लपवून बाकीचं लिहिलं तर या लिहिण्याला काही अर्थ नाही.

सकाळचे नऊ वाजले असतील. ते आंघोळ करून बाहेर आले. आमच्या घरात तेव्हा न्हाणीघरापासून बैठकीपर्यंत एक वाट होती. वाट म्हणजे दोन्ही बाजूंना छातीपर्यंत रचलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे, खोकी, पिशव्या, आणि मधून एक माणूस अंग चोरून जाईल एवढी जागा. त्यांचा ओला पाय घसरला, आधाराला हात गठ्ठ्यावर गेला आणि गठ्ठा त्यांच्यासकट खाली आला. मी स्वयंपाकघरातून धावत आले. ते कुशीवर पडले होते. मनगट भलतीकडेच वळलं होतं. अंगाखाली लग्नपत्रिकांचं एक खोकं दबलं होतं.

मी म्हणाले, “अहो, हलू नका. त्या पत्रिका चुरगळतील.”

ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. माझं नाव सुनंदा. शाळेत आयुष्य गेलं, चार लोक चांगली बाई म्हणून ओळखतात. ते वाक्य याच बाईच्या तोंडचं आहे.

अँब्युलन्स आली तर स्ट्रेचर आत येईना. दोन माणसांनी ह्यांना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची तिरपी करत, खोकी सांभाळत बाहेर काढलं. फाटकाजवळ एकजण दुसऱ्याला हळूच म्हणाला, “कबाडीचं गोदाम आहे का गा हे?” त्याला वाटलं मला ऐकू गेलं नाही. मी पदरानं तोंड पुसलं आणि ऐकू न आल्यासारखं केलं.

टाकाऊतून टिकाऊ

मी शाळेत कार्यानुभव शिकवायची. ज्यांनी मराठी शाळेत तो तास केला आहे, त्यांना ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द पाठ असतील. आइस्क्रीमच्या काड्यांची घरं, करवंटीचे पक्षी, बाटल्यांच्या झाकणांची चाकं लावलेल्या गाड्या. दरवर्षी प्रदर्शनात माझ्या टेबलापुढे गर्दी असायची. मुख्याध्यापक पाहुण्यांना सांगायचे, “आमच्या बाई काही म्हणजे काही फेकत नाहीत.” टाळ्या पडायच्या. मुलं मला टिकाऊ बाई म्हणायची आणि मला ते नाव आवडायचं.

त्यामुळे माझ्या आजारानं कितीतरी वर्षं कौतुकाचे कपडे घातले होते. कुणी दारू प्यायलं तर चार माणसं टोकतात. झाकणं जमवणाऱ्या बाईला कोण टोकणार? उलट पालक पिशव्या भरभरून आणून द्यायचे. सगळं नागपुरातल्या आमच्या मानेवाड्याच्या घरी यायचं. सुटी संपली की त्यातलं थोडं शाळेत जायचं, बाकीचं राहायचं.

निवृत्त झाले आणि शाळा सुटली. सामान येणं काही सुटलं नाही. आधी पलंगाखाली, मग पलंगावर. मुलगी पल्लवी लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा तिच्या खोलीत ‘थोडं’ ठेवलं. वर्षभरात त्या खोलीचं दार पूर्ण उघडेना. खिडकीपुढे खोकी लागली म्हणून कूलर बसवता येईना, आणि नागपूरच्या मे महिन्यात माझा नवरा ओला टॉवेल अंगावर टाकून झोपू लागला. “सुनंदा, काहून ठेवते वं हे सारं?” असं तो विचारायचा. मी म्हणायची, “कामी येईल.”

लोक विचारतात, तुम्हाला दिसत नव्हतं का? खरं सांगते, दिसत नव्हतं. हातात झाकण आलं की मला झाकण दिसायचंच नाही, त्याची पुढे होणारी गाडी दिसायची. ते फेकायचं म्हटलं की छातीत धडधडायचं, तोंडाला कोरड पडायची. ठेवून दिलं की लगेच शांत वाटायचं. त्या शांततेची मला चटक लागली होती.

घरी कुणी येणं बंद झालं. म्हणजे मीच बंद केलं. बेल वाजली की मी धावत फाटकाशी जायची आणि तिथेच बोलून पाठवायची. संक्रांतीचं हळदीकुंकू बंद. बायकांना सांगायची, ह्यांना आवाजाचा त्रास होतो. बिचाऱ्या नवऱ्याच्या नावावर मी असली किती खोटी दुखणी लावली असतील, देव जाणे.

मात्र एक गोष्ट मी ज्याला त्याला अभिमानानं सांगायची. पल्लवीची नाळ. बाळाची गळून पडलेली नाळ आपल्याकडे जपून ठेवतात, तशी मी ती चांदीच्या एवढ्याशा डबीत ठेवली होती. “माझ्या लेकीची नाळसुद्धा अजून माझ्याजवळ आहे,” असं मी म्हणायची. माझ्याकडून काही हरवत नाही, याचा तो पुरावा होता.

मी कबाड्याकडे गेले ती गोष्ट

ही सांगायला सगळ्यात जड जाते आहे.

एका दिवाळीला पल्लवी आली होती. मी जुन्या सहकारी बाईंबरोबर दोन दिवस रामटेकला गेले. परत आले तर पल्लवीची खोली रिकामी. बापलेकींनी मिळून कबाड्याला बोलावलं होतं आणि हातगाडीच्या चार फेऱ्या करून सगळं देऊन टाकलं होतं. पल्लवीनं फरशी पुसली होती, रांगोळीचं एक फूल काढलं होतं. ती दारात हसत उभी होती. तिला वाटलं मी खूश होईन.

मी चप्पलही काढली नाही. ऑटो केला आणि लकडगंजच्या पुढे त्या कबाड्याच्या टपरीवर गेले. पोती अजून फुटली नव्हती. मी त्या ढिगाशी बसले आणि हातानं उपसू लागले. कबाडी चांगला माणूस होता. आधी तो हसला, मग त्याचं हसणं थांबलं. म्हणाला, “घेऊन जा मावशी, पैसे राहू द्या.” त्यानंच पोती ऑटोत चढवून दिली. त्याच्या डोळ्यांत जी दया होती ती मला आजही आठवली की मान खाली जाते.

घरी पोती उतरवताना पल्लवी फाटकात आली. शांतपणे म्हणाली, “आई, तुले मी पाहिजे का हे डबे?”

माझा हात पोत्यावरच होता.

त्यानंतर ती माहेरी राहायला आली नाही. विदर्भात आली की सासरी रामटेकला उतरायची आणि आम्हाला बर्डीच्या बाजारात एखाद्या हॉटेलात भेटायची. डोसा खाऊन आम्ही आपापल्या वाटेनं जायचो. आणि मी? मी खोलीला कुलूप लावलं. पूर्वीपेक्षा दुप्पट भरली.

निदान

ह्यांच्या हाताचं ऑपरेशन झालं. पल्लवी पुण्याहून धावत आली. तिला चौथा महिना होता, आणि ते मला त्या दवाखान्यातच कळलं. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, “पडले कसे?” मी म्हणाले, “पाय घसरला.” पल्लवीनं मोबाइल काढून त्यांच्यापुढे धरला. त्यात घराचे फोटो होते. डॉक्टर बराच वेळ बघत होते. मग त्यांनी एक चिठ्ठी लिहिली. मला वाटलं ह्यांच्यासाठी आहे. चिठ्ठीवर माझं नाव होतं.

मानसोपचार विभाग तळमजल्यावर, डोळ्यांच्या विभागाला लागून. मी मुद्दाम डोळ्यांच्या बाकावर बसले. कुणी ओळखीचं दिसलं तर मोतीबिंदू म्हणून सांगता येईल, हा हिशेब.

आतल्या डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या असतील. त्यांनीही फोटो पाहिले आणि मोबाइल माझ्या हातात दिला. “तुम्ही बघा,” म्हणाल्या. त्या घरात मी रोज राहत होते, तरी त्या दिवशी मी माझं घर पहिल्यांदा पाहिलं. एका फोटोत खोक्यांच्या मधून ह्यांचं डोकं दिसत होतं. ते वाटीत वरण घेऊन उभ्यानं जेवत होते. बसायला जागा नव्हती. हा माणूस उभ्यानं जेवतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मॅडमनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. ह्यांनी, गळ्यात अडकवलेला हात सांभाळत, विचारलं, “मराठीत काय म्हणते याले?”

“सोपा शब्द नाही हो,” मॅडम म्हणाल्या. “शब्दशः केलं तर साठेबाजी.”

हे हसले. “साठेबाजी त लकडगंजचे व्यापारी करते, मॅडम. भाव वाढावा म्हणून.”

सगळे हसले, मीही हसले. हसता हसताच डोळ्यांतून पाणी आलं, कारण माझ्या साठ्याला तर कुठला भावही नव्हता.

मॅडम म्हणाल्या, “हा आळस नाही, घाणेरडेपणा नाही, वेड तर नाहीच. हा आजार आहे आणि यावर काम करता येतं.” मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतकी वर्षं ज्याला मी माझा गुण म्हणत होते, तो आजार निघाला. मग माझ्यात गुण कोणता उरला? मी रागानं म्हणाले, “मी शिक्षिका होते. मी काटकसर करते.” त्या म्हणाल्या, “काटकसर करणाऱ्याला वस्तू लागली की सापडते. तुम्हाला सापडते का?”

मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला काय हवंय? घर साफ हवं असं म्हणू नका. ते बाकीच्यांना हवंय. तुम्हाला काय हवंय?”

मी पल्लवीकडे बघितलं. “हिचं पहिलं बाळंतपण माझ्या घरी व्हावं.”

पल्लवी खिडकीबाहेर बघू लागली. मॅडमनी कागदावर एक चौकोन काढला. “मग एक खोली,” म्हणाल्या. “सगळं घर नाही. तिची खोली.”

दर बुधवार

गोळी रोज एक, आणि दर बुधवारी समुपदेशन. समुपदेशक अश्विनी, कळमेश्वरहून येणारी, माझ्या मुलीच्याच वयाची. पहिल्याच दिवशी तिनं नियम सांगितला. माझ्या वस्तूला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. ह्यांनी नाही, पल्लवीनं नाही. फेकायचं ते मीच, पण फेकायचंच. रोज एक पिशवी. आणि घरात नवीन काही आणायचं नाही.

दर बुधवारी घरून एक पिशवी भरून न्यायची आणि तिच्या टेबलावर ओतायची. बाकीचे पेशंट हातात फाइल घेऊन यायचे, मी झाकणं घेऊन. एकेक वस्तू हातात घ्यायची आणि सांगायचं, ठेवायची की टाकायची. जीव किती जळतो ते दहापैकी सांगायचं. टाकल्यावर दहा मिनिटं गप्प बसायचं आणि पुन्हा सांगायचं. पहिल्या दिवशी एक मोडकी कंपासपेटी मी पाऊण तास धरून बसले होते. ती कुणाची होती हेही आठवत नव्हतं.

अश्विनी म्हणाली, “काकू, ही आज पिशवीत आली नसती तर तुम्हाला तिची आठवण झाली असती?”

“नाही.”

“मग आठवण कोण करून देतं? पेटी की भीती?”

मी तिच्यावर चिडले. म्हणाले, आजकालच्या मुलींना वस्तूंची किंमत नाही. ती बिचारी ऐकून घ्यायची. पुढच्या बुधवारी मी पुन्हा जायची, कारण त्या कागदावरचा चौकोन माझ्या पर्समध्ये होता.

एकदा बाकावर बसले असताना एक नर्स धावत आली. “बाई! मले ओळखलं का? सातवी ब! तुम्ही आमच्याकडून करवंटीचे पक्षी बनवून घेतले होते.” मी ओळखलं. तिनं माझ्या पिशवीकडे पाहिलं. “अजून बनवून राहिल्या का बाई? टाकाऊतून टिकाऊ?” सगळा बाक माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, “हो, थोडंफार. आज डोळे दाखवायला आले.” तितक्यात आतून अश्विनीनं माझं नाव पुकारलं. नर्सनं दारावरची पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि माझी पिशवी उचलून आत ठेवून दिली. त्यानंतर दर बुधवारी ती दिसायची आणि फक्त “पाणी आणू का बाई?” विचारायची. तिनं पुन्हा कधी करवंटीचं नाव काढलं नाही.

घरी हे प्लास्टरमधला हात घेऊन दारात स्टूल टाकून बसायचे. मदत करायची नाही हा नियम त्यांनी इमानानं पाळला. माझी पिशवी भरली की म्हणायचे, “झाली आजची. चल, चहा घे.” मी एखाद्या दिवशी काहीच टाकू शकले नाही तर तेव्हाही चहाच.

जिना

पल्लवीच्या सहाव्या महिन्यात खोलीचा पलंग मोकळा झाला. सातव्यात खिडकी. मग मी अडकले. कोपऱ्यात मुलांनी केलेल्या वस्तूंची पोती होती, झाकणांची होती, आणि तिथे हात लावला की मला घाम फुटायचा.

एक दिवस रामटेकहून विहीणबाईंचा फोन आला. पल्लवी पुण्याहून त्यांच्याकडे आली होती. “सुनंदाताई, मंग केव्हा येऊन राहिले पोरीले न्यायले? आठवा लागला न आता.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना काही माहीतच नव्हतं. पल्लवीनं सासरी सांगितलं होतं की आईकडे रंगकाम सुरू आहे. माझी लेक माझ्यासाठी खोटं बोलत होती. मी म्हणाले, “येत्या रविवारी.”

सहा दिवस होते. हे दुपारी झोपले की मी पोती ओढायची. फेकायला नाही. आमच्या घरातून गच्चीवर जाणारा जिना आहे, त्याला खाली एक दार आहे. मी ती सगळी पोती जिन्यात नेऊन रचली आणि दाराला कडी लावली. बुधवारी अश्विनीला सांगितलं, “दिलं सगळं.” तिनं टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या गोड लागल्या. शाळेतल्यासारख्याच.

रविवारी पल्लवी आली. खोलीत गेली, पलंगावर बसली, भिंतीवरून हात फिरवला. खिडकीत कूलर लागला होता. छताच्या कडीला मी पाळणा टांगून ठेवला होता. तिनं मला मिठी मारली, पोट मधे येत होतं तरी. “आई, तू केलंस वं,” म्हणाली आणि रडली. मीही रडले. ते रडणं खरं होतं, एवढंच मी माझ्या बाजूनं सांगू शकते.

संध्याकाळी ती म्हणाली, “गच्चीवर जाते, जरा पाय मोकळे करते.”

मी म्हणाले, “नको, ऊन आहे.” ऊन केव्हाच उतरलं होतं.

तिनं कडी काढली. दार ओढलं तसं वरचं पोतं घसरलं आणि फुटलं. ती कठड्याला धरून उभी राहिली म्हणून बचावली. झाकणं एकेक पायरी उतरत खाली आली, तिच्या पायाशी गोळा झाली, काही घरंगळत बैठकीत गेली. पुष्कळ वेळ तो आवाज चालला होता. हे धावत आले. आठव्या महिन्यातली लेक जिन्याच्या तोंडाशी, आणि तिच्या भोवती माझी झाकणं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “आई, तू फक्त जागा बदलवली.”

मग तिनं रामटेकला जावयांना फोन लावला. “मले घ्यायले या. मी रामटेकलेच राहते.”

रामटेक

बाळंतपण सासरी झालं. मुलगी झाली. जे आईनं करायचं ते सगळं विहीणबाईंनी केलं. शेक दिला, मालीश केलं, डिंकाचे लाडू वळले. मी पाहुणीसारखी खुर्चीत बसून होते. त्या माझ्या हातात चहाचा कप देत आणि म्हणत, “तुम्ही आराम करा ताई, रंगकामानं थकले असाल.” रंगकाम! मला त्या कपात तोंड खुपसावंसं वाटायचं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना खरं सांगितलं. पोती, जिना, सगळं. त्या ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, “माह्या भावाले दारूचं होतं. सांगाले आम्हाले बारा वर्षं लागले. तुम्ही लवकर सांगितलं.” आणि लाडवांचा डबा माझ्यापुढे सरकवला.

परत आल्यावरच्या बुधवारी अश्विनीला सांगितलं की मी खोटं बोलले होते. वाटलं होतं ती फाइल मिटेल. ती म्हणाली, “काकू, तुम्ही आज मला पहिल्यांदा खरं सांगताय. आता जिन्यापासून सुरू करू.”

जिना सव्वा महिन्यात रिकामा केला. मुलांनी केलेल्या वस्तू घ्याल का म्हणून शाळेत फोन केला. नवीन बाई नम्रपणे म्हणाल्या, “आता आम्ही तयार किट मागवतो, मॅडम.” त्या दिवशी मी दोन पिशव्या टाकल्या. दहापैकी दहा जीव जळला. चहा पिताना तो सात होता. झोपताना किती होता ते स्वतःला विचारायचं राहून गेलं.

प्रत्येक पोतं रिकामं करताना मी एकच वस्तू शोधत होते. चांदीची डबी. आधी वाटलं पत्र्याच्या पेटीत असेल. मग वाटलं शिवणाच्या डब्यात. दर वेळी ‘नीट ठेवते’ म्हणून मी तिची जागा बदलली होती, आणि इतकं नीट ठेवलं की शेवटची जागा मलाच आठवेना. कबाड्याकडे गेली असेल, असं म्हणून बापलेकींवर ढकलायची फार इच्छा झाली. पण त्या दिवाळीच्या आधीही मी ती कितीतरी दिवस पाहिली नव्हती. जिन्याची शेवटची पायरी झाडली तरी डबी निघाली नाही. लोकांच्या मुलांची झाकणं मी जपली आणि माझ्या मुलीची नाळ हरवली.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर

मी काही डॉक्टर नाही. अंगावर आलं तेवढंच सांगते. त्यांच्या पाठीमागे घर साफ करू नका. हेतू कितीही चांगला असला तरी नाही. त्यांना आळशी, घाणेरडे म्हणू नका. ते स्वतःला त्याहून वाईट म्हणत असतात. पण उभ्यानं जेवतही राहू नका. फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा. सरकारी दवाखान्यातही मानसोपचाराची ओपीडी असते. सुरुवातीला डोळ्यांच्या बाकावर बसायचं असेल तर बसा, मीही बसले. फक्त नाव पुकारलं की उठून आत जा.

आणि ज्याला हा आजार आहे त्याला सांगते. तुम्ही खोटं बोलाल. मी अजूनही कधी कधी रस्त्यावर एखादं चांगलं खोकं दिसलं की थांबते. मागच्या आठवड्यात एक उचलून कोपऱ्यापर्यंत आणलंही होतं. तिथून परत नेऊन ठेवलं. घराच्या दोन खोल्या अजून व्हायच्या आहेत.

सव्वा महिना

सव्वा महिना झाला तशी पल्लवी बाळाला घेऊन आली. आधी तिनं जिन्याचं दार उघडलं. मी तिला थांबवलं नाही. ती वर गच्चीपर्यंत गेली आणि खाली आली. मग खोलीत गेली आणि जमिनीवर बसली. बाळाला मांडीवर घेऊन ती फरशीवर बोट फिरवत होती.

“या फरशीवर हिरवे ठिपके आहेत, मी विसरूनच गेली होती,” ती म्हणाली.

मग तिनं पर्समधून एक लहानशी डबी काढली. “आई, ही हिची नाळ. माझी कुठे ठेवली तू? दोन्ही एका जागी ठेवू म्हटलं.”

हे दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली. त्यांना माहीत होतं. ते माझ्यासाठी काहीतरी बोलणार होते, पेटीत आहे, बँकेत आहे, काहीतरी. मी हातानं त्यांना थांबवलं.

“माझ्याजवळ नाही,” मी म्हणाले. “हरवली. मी सगळं शोधलं.”

पल्लवीनं हातातली डबी मुठीत घेतली. “एवढ्या सामानात,” ती म्हणाली, “तेच?”

“हो. तेच.”

मी वाट बघत होते. उठेल, फोन लावेल. तिनं डबी उघडून पाहिली, बंद केली आणि परत पर्समध्ये ठेवली. पर्सची चेन नीट लावली. ती डबी मला द्यावी असं तिला वाटलं नाही आणि ते बरोबरच होतं. मला वाईट वाटलं. दहापैकी किती, ते सांगता यायचं नाही.

मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली.

“मी आंघोळ करून येते,” ती म्हणाली. “हिले घे.”

मी दोन्ही हात पुढे केले. दोन्ही रिकामे होते.